सात पिढ्यांची प्रार्थना

धर्मग्रामाच्या ज्युबिलीच्या प्रसंगीं मागें वळून पाहण्याची आपल्यांत रीति आहे. देऊळ कोणीं बांधलें, घंटा केव्हां आली, कोणकोणत्या धर्मगुरूंनीं येथें सेवा केली, यांची नोंद अशा पुस्तिकेंत होते, व ती व्हावी हें योग्यच आहे. परंतु देवळाच्या भिंतींनीं जें सर्वांत अधिक ऐकिलें, त्याची नोंद कोणत्याहि वहींत सांपडत नाहीं. तें म्हणजे आपल्या वाडवडिलांच्या प्रार्थना. पावसाकरितां, पोटच्या मुलाच्या दुखण्याकरितां, समुद्रावर गेलेल्या धन्याकरितां, परदेशीं गेलेल्या भावाकरितां येथें किती मेणबत्त्या जळल्या असतील, त्यांचा हिशेब एका परमेश्वराजवळच आहे.

आणि खरें बोलावयाचें तर, त्या प्रत्येक मेणबत्तीमागें मागितलेलें दान मिळालेंच असें आम्हांस म्हणतां येणार नाहीं. ज्या आईनें मुलाच्या खाटेशीं बसून रात्रभर जपमाळ म्हटली, त्याच आईच्या मुलाची पेटी दुसऱ्या दिवशीं देवळांत आणिली गेली, असें एखादें तरी घर प्रत्येक गांवांत आहे. त्या आईला ‘देव प्रार्थना ऐकतो’ असें आपण सांगतों, तेव्हां नेमकें काय सांगतों? केवळ तर्काच्या बळावर या प्रश्नाचें उत्तर देण्याचें सामर्थ्य आमच्या अंगीं नाहीं. परंतु ख्रिस्तसभेच्या इतिहासांत एक हकीकत अशी आहे कीं, ती वाचून हा प्रश्न मनांत घेऊनहि मनुष्यास गुडघे टेकतां येतात. ती हकीकत जपान देशांतील आहे. तिच्या आरंभीं मात्र आपल्या वसईचा एक पुत्र उभा आहे. म्हणून ती परक्याची म्हणून ऐकण्याचें कारण नाहीं.

संत फ्रान्सिस झेवियर गोव्याहून निघून इ. स. १५४९ च्या ऑगस्ट महिन्याच्या १५ तारखेस, म्हणजे पवित्र मरियेच्या स्वर्गोन्नयनाच्या सणादिवशीं, जपानच्या कागोशिमा बंदरांत उतरले. त्यांनीं पेरिलेलें बीं लवकरच रुजलें, आणि कांहीं वर्षांतच नागासाकी हें बंदर ख्रिस्ती लोकांचें नगर म्हणून ओळखलें जाऊं लागलें. वसईंत जन्मलेले गोन्सालो गार्सिया तरुणपणीं येशूसंघीय धर्मगुरूंबरोबर तिकडे गेले. त्यांचे वडील पोर्तुगीज व आई येथलीच. जपानी भाषा त्यांनीं उत्तम आत्मसात केली. कांहीं काळ व्यापार केला. पुढें मनिला येथें ते फ्रान्सिस्कन संघांत बंधु म्हणून दाखल झाले, आणि १५९३ सालीं दुभाषी म्हणून संत पेद्रो बाप्तिस्ता यांच्यासमवेत पुन्हां जपानांत आले. सुमारें साडेतीन वर्षांनीं हिदेयोशी या सत्ताधीशाच्या हुकुमानें त्यांस व त्यांच्या सोबत्यांस धरण्यांत आलें. भर हिवाळ्यांत क्योतोपासून नागासाकीपर्यंत त्यांस चालवीत नेलें, आणि १५९७ च्या फेब्रुवारी महिन्याच्या ५ तारखेस निशिझाका टेकडीवर सव्वीस जणांस क्रुसांवर चढवून भाल्यांनीं भोसकलें. सव्वीसांपैकीं वीस जण जपानी होते, व त्यांत कोवळीं मुलेंहि होतीं. या रक्तसाक्ष्यांस पोप नववे पायस यांनीं १८६२ सालीं संतपद बहाल केलें. हें साल वाचकांनीं ध्यानांत ठेवावें. पुढें त्याचें काम पडणार आहे.

टेकडीवरील त्या रक्तानें छळाची तहान भागली नाहीं. १६१४ सालीं तोकुगावा राज्यकर्त्यांनीं सर्व देशांत ख्रिस्ती धर्मास बंदी करून धर्मगुरूंस हद्दपार केलें. जे लपून राहिले ते एकामागून एक पकडले गेले. १६३७-३८ मध्यें शिमाबारा येथें गांजलेल्या शेतकऱ्यांनीं बंड केलें. तें मोडल्यावर बंदी अधिकच कडक झाली आणि परदेशांशीं दळणवळण जवळजवळ तुटलें. १६४४ सालीं कोनिशी मान्सियो या जपानी धर्मगुरूंस ठार करण्यांत आलें. देशांत उरलेल्या धर्मगुरूंपैकीं ते शेवटचे. त्यांच्यामागें गांजलेल्या लोकांच्या हाकेस धांवून येईल, त्यांच्यासाठीं मिस्साबलिदान अर्पील, त्यांचें पापनिवेदन ऐकेल, असा कोणी राहिला नाहीं.

राज्यकर्त्यांचा बंदोबस्त मोठा चोख होता. प्रत्येक घराचें नांव कोणत्या तरी बौद्ध मंदिराच्या वहींत असावें असा नियम झाला. पांच पांच घरांचा एक गट करून एकाच्या अपराधास सर्वांस जबाबदार धरण्यांत येई. ख्रिस्ती मनुष्य दाखवून देणारास बक्षीस मिळेल अशा पाट्या चव्हाट्यावर लागल्या. नागासाकीच्या परिसरांत तर दरवर्षीं प्रत्येक माणसास अधिकाऱ्यांसमोर बोलावून प्रभु येशूच्या अथवा पवित्र मरियेच्या प्रतिमेवर पाय ठेवावयास लावीत. जो कचरला तो ख्रिस्ती ठरला.

नागासाकीच्या उत्तरेस उराकामी नांवाचें एक खोरें आहे. तेथील गरीब शेतकरीहि दरवर्षीं त्या प्रतिमेवर पाय ठेवीत, आणि घरीं येऊन दारें लावून पश्चात्तापाची प्रार्थना म्हणत. ही प्रार्थना त्यांजपाशीं कशी आली, हें सांगण्याजोगें आहे. छळ वाढण्यापूर्वींच, १६०३ सालीं, पूर्ण पश्चात्ताप कसा करावा याविषयीं जपानी भाषेंत एक लहान पुस्तक तयार झालें होतें. धर्मगुरु मिळणें शक्य नसेल तेथें मनुष्यानें देवावरील प्रीतीनें आपल्या पापांचा खरा पश्चात्ताप करावा, आणि संधि मिळतांच पापनिवेदन करण्याचा निश्चय ठेवावा, ही ख्रिस्तसभेची शिकवण त्यांत होती. त्या पुस्तकाच्या नकला गुप्तपणें हातोहात फिरल्या. त्यांतील प्रार्थना लोकांनीं तोंडपाठ केली. प्रतिमेवर पाय ठेवून आल्यावर ती म्हणत, आणि मरणाऱ्याच्या उशाशींहि ती म्हणत.

त्यांस शूर म्हणावें कीं भित्रे म्हणावें, याचा निवाडा करावयास आम्ही बसलों नाहीं. आपल्या पायांखालीं कोणीं अशी प्रतिमा ठेविली नाहीं. एवढें मात्र दिसतें कीं, ज्यास आपली प्रार्थना ऐकणारा कोणी नाहीं असें वाटतें, तो दारें लावून जीव धोक्यांत घालून क्षमा मागत नाहीं.

धर्मगुरूंवांचून त्यांनीं आपली मंडळी कशी चालविली तेंहि पाहण्यासारखें आहे. प्रत्येक वस्तींत कांहीं कामें वंशपरंपरा नेमून दिलेलीं होतीं. एकानें पंचांग सांभाळावयाचें. सण, उपवास व रविवार केव्हां येतात तें त्यानें काढून सांगावयाचें. दुसऱ्यानें स्नानसंस्कार द्यावयाचा, कारण गरजेच्या वेळीं सामान्य मनुष्यहि तो देऊं शकतो. तिसऱ्यानें घरोघर गुप्तपणें निरोप पोंचवावयाचा. भिंतींवर क्रूस लावतां येत नव्हता, म्हणून बौद्धांच्या दयादेवतेची, कान्नोनची, बालक घेतलेली मूर्ति घरांत ठेवीत व तिच्यासमोर पवित्र मरियेचें स्मरण करीत. लॅटिन व पोर्तुगीज शब्द मिसळलेल्या प्रार्थना बापानें मुलास पुटपुटून शिकवावयाच्या. लॅटिनमध्यें प्रार्थनेस जो शब्द आहे त्यावरूनच त्यांस ‘ओराशो’ असें नांव पडलें होतें. पिढ्या लोटल्या तसे उच्चार झिजले, पुष्कळ शब्दांचा अर्थहि विसरला. पण म्हणण्याचें कोणीं सोडिलें नाहीं.

ते काय मागत होते? त्यांच्यांत बास्तियान नांवाच्या एका धर्मोपदेशकाचे म्हणून कांहीं बोल चालत आले होते. त्यांचें तात्पर्य असें कीं, सात पिढ्यांनंतर पापनिवेदन ऐकणारे धर्मगुरु मोठ्या काळ्या गलबतांतून येतील आणि मग आपल्या लोकांस उघडपणें प्रार्थना करीत वाटेनें चालतां येईल. याच आशेवर त्यांनीं डोळे लाविले होते.

वाचकहो, सात पिढ्या हे शब्द उच्चारावयास सोपे आहेत. पहिल्या पिढीनें धर्मगुरूसाठीं प्रार्थना केली, आणि ती धर्मगुरूवांचून मेली. दुसरीनें केली, तीहि तशीच गेली. तिसऱ्या पिढींतील लोकांनीं तर धर्मगुरु पाहिलेला म्हातारा मनुष्यहि पाहिला नव्हता. ज्या संस्काराची चव जिभेवर कधीं पडली नाहीं, त्याची भूक आई मुलीस देत राहिली. एखाद्या हुशार माणसानें त्यांस विचारिलें असतें, ‘बाबांनो, दोनशें वर्षें हाका मारितां, वरून शब्द तरी आला काय?’ तर त्या शेतकऱ्यांजवळ दाखविण्यासारखें कांहींच नव्हतें. उलट, छळ वरचेवर डोकें काढीतच होता. १८५६ सालीं उराकामींतील पुढाऱ्यांस पुन्हां एकदां पकडून नेलें, व त्यांपैकीं कांहींजण तुरुंगांतच वारले. उत्तर उंबरठ्यावर येऊन ठेपलें होतें तो काळ असा होता.

१८५८ च्या करारांनीं जपानचीं कांहीं बंदरें परकीयांस मोकळीं झालीं, व त्यांस आपल्यापुरती उपासना करण्याची मुभा मिळाली. जपानी लोकांस मात्र बंदी पूर्वींप्रमाणेंच होती. फ्रेंच धर्मगुरूंनीं नागासाकींतील ओउरा या भागांत एक लांकडी देऊळ बांधिलें. १८६५ च्या फेब्रुवारी महिन्याच्या १९ तारखेस त्यास आशीर्वाद देण्यांत आला. आतां तें १८६२ साल आठवावें. नुकत्याच संतपद पावलेल्या सव्वीस रक्तसाक्ष्यांच्याच नांवें हें देऊळ अर्पण झालें. म्हणजे उराकामीचे लोक ज्या दारीं येणार होते, त्या दारावर आपल्या वसईच्या संत गोन्सालो गार्सिया यांच्याहि नांवाची छाया होती.

मार्च महिन्याची १७ तारीख, शुक्रवार, दुपारीं साडेबाराचा सुमार. फादर पेतिजाँ यांस देवळाच्या बंद दारापुढें बारा पंधरा माणसें उभीं असलेलीं दिसलीं. पुरुष, स्त्रिया व मुलें. त्यांनीं दार उघडिलें. लोक मागोमाग आंत आले. फादर वेदीपुढें गुडघे टेकून, आपल्या भोंवतालच्या या लोकांचीं मनें हलवितील असे शब्द दे, म्हणून परमेश्वराची विनवणी करीत होते. एक ‘आमच्या स्वर्गीय पित्या’ म्हणून होतें न होतें तोंच तीन वयस्क स्त्रिया त्यांच्याजवळ येऊन बसल्या. त्यांतील एकीनें छातीवर हात ठेवून, जणूं भिंतींनींहि ऐकूं नये अशा हलक्या आवाजांत सांगितलें कीं, आम्हां सर्वांचें अंतःकरण तुमच्या अंतःकरणासारखेंच आहे. मग तिनें विचारिलें, सान्ता मारियाची मूर्ति कोठें आहे?

फादरांनीं शब्द मागितले होते. त्यांस शब्द बोलावे लागलेच नाहींत. तीं माणसें पवित्र मरियेच्या वेदीजवळ गेलीं, कडेवरील बाळ येशूस पाहून त्यांस भरून आलें, आणि तीं आपसांत सणांविषयीं बोलूं लागलीं. त्यांनीं फादरांस विचारिलें, सध्यां दुःखाच्या काळाचा सतरावा दिवस चालूं आहे, तो आपणहि पाळतां काय? वाचकांनीं पंचांग काढून पाहावें. त्या वर्षीं राखेचा बुधवार १ मार्चला होता. १७ मार्च हा उपवासकाळाचा बरोबर सतरावा दिवस. दोनशें एकवीस वर्षें धर्मगुरु नाहीं, छापील पंचांग नाहीं, घंटा नाहीं. आणि रोमचें देऊळ व उराकामीचें झोंपडें एकाच दिवशीं एकच उपवास पाळीत होतें.

पुढें आजूबाजूच्या गांवांतून व बेटांतून हजारों लोक पुढें आले. तरी त्यांनीं आंधळेपणानें विश्वास टाकिला नाहीं. आपण रोमच्या मुख्य धर्माध्यक्षांनीं पाठविलेले आहां काय, आपण अविवाहित आहां काय, हेंहि त्यांनीं फादरांस विचारून घेतलें. बापजाद्यांनीं सांगितलेल्या खुणा पटल्या तेव्हांच त्यांचा जीव भांड्यांत पडला. कांहीं वस्त्या मात्र आपल्या जुन्या रीतींसच चिकटून राहिल्या व ख्रिस्तसभेंत परतल्या नाहींत, हेंहि सांगितलें पाहिजे.

गोष्ट येथेंच संपविली असती तर ती गोड झाली असती. खरी झाली नसती. देशांतील बंदी उठली नव्हती. उराकामीच्या लोकांनीं आपल्या मृतांस बौद्ध विधीनें पुरण्याचें नाकारिलें, आणि १८६७ च्या जुलै महिन्यांत रात्रीं छापा घालून त्यांच्या पुढाऱ्यांस बांधून नेलें. पुढील तीन वर्षांत सारें खोरें ओस पडलें. सुमारें ३,४०० माणसांस निरनिराळ्या प्रांतांत हद्दपार करण्यांत आलें. त्सुवानो येथें त्यांस बर्फानें गोठलेल्या तळ्यांत उतरविलें, व जेमतेम बसतां येईल अशा पिंजऱ्यांत कोंडिलें. त्या हद्दपारींत सहाशेंहून अधिक माणसें मेलीं. लोक त्या हद्दपारीस ‘प्रवास’ म्हणत. सात पिढ्यांनीं मागितलेला धर्मगुरु मिळाला, आणि लागलीच घर, शेत व लेंकरें गमावण्याची पाळी आली. ‘हेंच का तुझें उत्तर?’ असें कोणी म्हणाला असता तर आम्ही त्यास दोष दिला नसता. पण ज्यांच्या पणज्यांनीं प्रतिमेवर पाय ठेविला होता, त्यांच्यांतील पुष्कळांनीं आतां उघडपणें नकार दिला. छळापुढें नुसता ओठांनीं एक शब्द बोलावयाचा होता; तो त्यांनीं बोलला नाहीं.

१८७३ च्या फेब्रुवारी महिन्यांत बंदीच्या पाट्या काढण्यांत आल्या, व जे वांचले ते घरीं परतले. घरें कसलीं, पडक्या भिंतीच. कांहीं वर्षांनीं त्यांनीं गांवच्या मुख्याचा वाडा विकत घेतला. ज्या आवारांत त्यांच्या वाडवडिलांस प्रतिमेवर पाय ठेवावा लागे, तेंच तें आवार. त्या जागेवर १८९५ सालीं त्यांनीं विटांचें भव्य देऊळ बांधावयास घेतलें. तें १९१४ सालीं पुरें झालें.

आणि १९४५ च्या ऑगस्ट महिन्याच्या ९ तारखेस, सकाळीं ११ वाजून २ मिनिटांनीं, त्या देवळापासून अवघ्या अर्ध्या किलोमीटरवर अणुबाँब फुटला. स्वर्गोन्नयनाच्या सणाच्या तयारीसाठीं त्या वेळीं देवळांत पापनिवेदन चाललें होतें. धर्मगुरु व पापनिवेदनास आलेले लोक एकत्रच मरण पावले. उराकामीच्या सुमारें १२,००० कॅथॉलिकांपैकीं जवळजवळ ८,५०० गेले.

त्याच वर्षीं नोव्हेंबरांत देवळाच्या अवशेषांपुढें मृतांसाठीं मिस्सा झाली, तेव्हां डॉक्टर ताकाशी नागाई यांनीं, ज्यांची पत्नीहि त्या दिवशीं गेली होती, या मृतांस निष्कलंक अर्पणाची उपमा दिली. कित्येकांस त्या शब्दांनीं धीर आला; कित्येकांस ते मानवले नाहींत. आम्ही त्या वादांत पडत नाहीं, आणि त्या दिवसाचा उलगडाहि करूं पाहत नाहीं. जें घडलें तेवढेंच सांगतों. राखेखालून देवळाची एक घंटा साबूत निघाली. उरलेल्या लोकांनीं ती उभारिली, आणि १९४५ च्या नाताळच्या आदल्या संध्याकाळीं त्या ओसाड खोऱ्यांत ती वाजविली. देऊळ १९५९ सालीं पुन्हां उभें राहिलें. दुसऱ्या बुरुजांतील घंटेची जागा मात्र ऐंशीं वर्षें रिकामी होती. अमेरिकेंतील कॅथॉलिकांनीं वर्गणी करून नवी घंटा दिली, आणि २०२५ च्या ९ ऑगस्टला, ११ वाजून २ मिनिटांनीं, दोन्ही घंटा एकत्र वाजल्या.

आतां त्या आईच्या प्रश्नाकडे वळूं. या हकीकतींतून आम्हांस जें कळलें तें थोडक्यांत असें. पहिल्या सहा पिढ्यांनीं जें मागितलें तें त्यांच्या हातीं पडलें नाहीं. तें सातवीच्या हातीं पडलें. म्हणून त्यांची प्रार्थना वायां गेली काय? त्यांतील एका पिढीनेंहि ती सोडिली असती, तर १७ मार्चला त्या दाराशीं कोण आलें असतें? धर्मगुरु येण्याच्या आधींच देवानें त्यांस एक गोष्ट दिली होती. ती म्हणजे मागत राहण्याचें बळ. तें बळ कोणीहि मनुष्य दोनशें वर्षें स्वतःच्या पदरचें पुरवूं शकत नाहीं. देव ऐकत होता याची आम्हांस दिसणारी खूण ती हीच. आपल्या तारणाऱ्यानेंहि गेथसेमनी बागेंत दुःखाचा प्याला टळावा म्हणून विनविलें. प्याला टळला नाहीं, पण पित्यानें ऐकिलें नाहीं असें आपणांपैकीं कोण म्हणेल?

आणि आपण तरी कोण आहों? १७३९ सालीं वसई पोर्तुगीजांच्या हातून गेली, युरोपीय धर्मगुरु निघून गेले, व थोड्याशा एतद्देशीय धर्मगुरूंनीं आपल्या लोकांचा सांभाळ केला. त्या दिवसांतील आपल्या आज्यापणज्या काय मागत असतील? आपलीं मुलेंलेंकरें या श्रद्धेंत राहावींत, याहून दुसरें काय? त्यांनीं आपणांस पाहिलें नाहीं. परंतु ज्युबिलीच्या दिवशीं देवळांत बांकांवर दाटीनें बसलेली ही मंडळी, हेंच त्यांच्या मागण्याचें उत्तर आहे. ज्या आईचा मुलगा वांचला नाहीं, तिच्या जपमाळेचें उत्तर कोठें, केव्हां व कोणाच्या ओंजळींत पडेल, हें आम्ही सांगूं शकत नाहीं. ती जपमाळ कोणीं ऐकिली नाहीं असें मात्र आम्ही कधींहि म्हणणार नाहीं.

हे प्रभो, आमच्या वाडवडिलांच्या प्रार्थना तूं ऐकिल्यास. जें आम्हीं मागितलें व मिळालें त्याबद्दल तुझे आभार. जें मागितलें व मिळालें नाहीं, तें तुझ्याच हातीं राहूं दे, आणि मागत राहण्याचें बळ आमच्या लेंकरांपासून कधीं काढून घेऊं नको. संत गोन्सालो गार्सिया, आमच्यासाठीं विनंति करा. आमेन.